पॅनलवरचा दुपट्टा

आमच्या सबस्टेशनमध्ये एक रीत आहे. ती कुठल्या परिपत्रकात लिहिलेली नाही, वरच्या साहेबांना ती ठाऊकही नसावी. लाइनमन खांबावर चढायच्या आधी आमच्याकडे परमिट घ्यायला येतो. परमिट म्हणजे ‘ही लाइन बंद केली आहे, आता चढा’ असा लेखी कागद. कागदावर सह्या झाल्या की आमच्याकडचे लाइनमन खांद्यावरचा दुपट्टा काढतात आणि ती लाइन चालू-बंद करायची जी मूठ पॅनलवर असते, तिच्यावर टाकून जातात. काम संपलं की तोच माणूस येतो, स्वतःच्या हाताने दुपट्टा उचलतो, कागद परत करतो, आणि मगच ती मूठ फिरते. ‘माणसे काम करीत आहेत’ अशी लाल पाटी असतेच, पण पाट्या आम्हाला रोज दिसतात. दुपट्टा दिसला की तो कोणाचा हे आठवतं, त्याच्या घरी कोण कोण आहे हेही आठवतं.

मी तो दुपट्टा उचलला आणि त्याने माझं तोंड पुसलं.

मी ऑपरेटर आहे. घर नाचणगावला, सबस्टेशन तिथून मोटरसायकलने अर्ध्या तासावर, चहूबाजूंनी कपाशीची शेतं. ज्याचा दुपट्टा मी उचलला तो लाइनमन माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. मी नोकरीला लागलो तेव्हा मूठ कशी धरायची इथपासून त्यानेच मला शिकवलं होतं. मी त्याला भाऊ म्हणतो. त्याचा दुपट्टा निळ्या चौकडीचा, कडेला विटलेला, आणि तो कधीही बदलत नसे. नवा घेऊन दिला तरी जुनाच खांद्यावर.

मे महिना होता. आमच्या पुलगावकडच्या उन्हाबद्दल मी काही सांगत नाही, ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलं नाही त्याला खोटं वाटेल. भाऊने दुपारी दोनला गावाच्या लाइनचा परमिट घेतला. एक तार सुटली होती, ती बांधायची होती. पाच मिनिटांचं काम. नियमाप्रमाणे खोलीतला ब्रेकर बंद केल्यावर बाहेर यार्डात जाऊन लाइन आणखी एका ठिकाणी तोडायची असते, तिथे कुलूप लावायचं असतं. पण पाच मिनिटांच्या कामाला एवढं कोण करतं, ब्रेकर बंद केला की झालं, अशी आमची सगळ्यांची वाईट सवय. भाऊने दुपट्टा मुठीवर टाकला आणि तो गेला.

मग माझ्या डोक्यात जे नेहमी चालतं ते सुरू झालं. दर तासाचे मीटरचे आकडे लिहायचे होते, ते लिहिता लिहिता बॅटरीचं पाणी बघायचं आठवलं. बॅटरीकडे निघालो तर कूलरचं पाणी संपलेलं दिसलं. बादली घेतली, तेवढ्यात फोन वाजला, बादली दारातच ठेवली. गावातून फोनवर फोन, लाइट काऊन गेली, कधी येईन. घाम डोळ्यात जात होता. हाताला फडकं लागलं, तोंड पुसलं, मान पुसली, फडकं खांद्यावर टाकलं. पुन्हा फोन. एक बाई म्हणाली, “बाप्पा, लेकरू उकाड्यानं रडून राह्यलं, पाहा ना जरा.” मी म्हणालो, “आली पाहा बाई,” आणि मोकळी दिसत असलेली ती मूठ फिरवली.

धाडकन आवाज झाला आणि ब्रेकर त्याच क्षणी आपोआप परत बंद पडला. त्या आवाजाबरोबर मला खांद्यावरचा दुपट्टा दिसला.

पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला नीट सांगता येत नाही. भाऊला फोन लावला, तो उचलत नव्हता. पुन्हा लावला. बाहेर धावलो, तर मोटरसायकलची किल्ली सापडेना. ती माझ्याच खिशात होती. मी भाऊला मारलं, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. माझं आयुष्यभर इकडे तिकडे पळणारं लक्ष तेव्हा पहिल्यांदा एका जागी उभं राहिलं होतं.

भाऊ पायी आला. दारातली बादली त्याने पायाने बाजूला सारली. माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या खांद्यावरून स्वतःचा दुपट्टा काढून घेतला, झटकला, स्वतःच्या खांद्यावर टाकला. तारेला हात लावण्याआधी तो तिला जमिनीशी जोडणारा रॉड लावतो, काम पाच मिनिटांचं असो की पाच तासांचं. वीज त्या रॉडवाटे जमिनीत गेली होती.

“रॉड लावला होता, म्हनून उभा हाओ,” तो म्हणाला. आणि निघून गेला.

मी नोंदवहीत खरं ते लिहिलं आणि साहेबांनी विचारायच्या आधी स्वतः फोन करून सांगितलं. हा काही माझा मोठेपणा नव्हे. खोटं बोलायलासुद्धा माणसाला नीट लक्षात ठेवावं लागतं आणि ते मला जमण्यासारखं नव्हतं. चौकशी झाली. साहेब माझ्याहून वयाने लहान, कामाला कडक. त्यांनी भाऊला सगळ्यांसमोर विचारलं. भाऊने माझी बाजूही घेतली नाही आणि एक शब्द वाढवूनही सांगितला नाही. ‘याने लाइन चालू केली, मी रॉड लावला होता’, एवढंच. मग म्हणाला, “साहेब, तुमी त्याले काय शिक्षा द्याची ते द्या. पन याच्या पाळीत मी आता खांबावर चढनार नाई.”

मला लेखी ताकीद मिळाली आणि पॅनलवरून उठवून ऑफिसात तक्रारी लिहायला बसवलं. पगार तोच होता. नोकरी राहिली म्हणून घरी सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र भाऊचं वाक्य जेवताना ऐकू यायचं. ज्याने मला ती मूठ धरायला शिकवली, त्याचा माझ्या हातावर भरोसा उरला नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. मला त्याचा भरोसा परत हवा होता. नुसती माफी नको होती. माफी तर लोक बसमध्ये पाय पडला तरी देतात.

माझी बायको गावात आशा सेविका आहे. दारोदार फिरून बाळंतिणींची, तापाची, गोळ्यांची माहिती ठेवते. एका संध्याकाळी मी स्वतःलाच शिव्या देत बसलो होतो, बेफिकीर, कामचुकार, असं बरंच काही. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “बेफिकीर मानसाले रात्री झोप लागते. तुमाले लागत नाई.” मग म्हणाली, “आमच्या ट्रेनिंगमध्ये एक डॉक्टरीनबाई आलती. तिनं सांगतलं ते ऐकून मले तं वाटलं, ते तुमच्यावरच बोलून राह्यली. चला सावंगीच्या दवाखान्यात.”

मी चिडलो. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावात काय बोलतील, इथपासून सुरुवात केली. ती आठवडाभर रोज सकाळी माझ्या डब्यावर अपॉइंटमेंटची चिठ्ठी ठेवत राहिली. मी रोज ती चिठ्ठी हरवून येत होतो. सातव्या दिवशी म्हणाली, “हे चिठ्ठ्या हरपवनं तेच तं दाखवाचं हाये ना तिले.” मी गेलो.

डॉक्टरबाई तरुण होत्या. एका भेटीत काही सांगणार नाही म्हणाल्या. कागदावरचे प्रश्न झाले, रक्तदाब झाला, हृदयाची पट्टी काढली, झोपेचं विचारलं, दारूचं विचारलं. मग म्हणाल्या, लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कोणी असेल तर घेऊन या. मी आईला नेलं. आईला वाटलं लेकाची नोकरी वाचवायला साक्ष द्यायची आहे, म्हणून ती इरकली नऊवारी नेसून आली आणि पहिल्यांदा माझं कौतुकच करत सुटली. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, घरचं काम सांगितलं तर करायचा का?

“करे ना,” आई म्हणाली. “काडेपेटी आनाले धाडलं का शेळीचं पिल्लू घेऊन ये. शाळेत तीन दप्तरं हरपवले यानं. एक डाव तं चप्पल हाती धरून घरभर चप्पल पाह्यत होता. पन मनाचा लय साफ, बाई. मारलं तरी दुसऱ्या घडीले विसरून जाये.”

“मारायचात?”

“सगळेच मारत,” आई म्हणाली. “मास्तर मारे, बाप मारे. हुशार हाये अन् लक्ष देत नाई, म्हनून.” बोलता बोलता तिने पदर तोंडाला लावला. आईला रडवायला मी तिला तिथे नेलं नव्हतं, त्यामुळे मला डॉक्टरबाईंचाच राग आला.

तिसऱ्या भेटीत बाईंनी नाव सांगितलं. एडीएचडी, म्हणजे मेंदूची जन्मापासूनची अशी ठेवण, की लक्ष एका जागी ठरत नाही. मी म्हणालो, हे तर लहान मुलांचं असतं. त्या म्हणाल्या, “ती मुलं मोठी होतात ना.”

घरी येताना मी आनंदी असायला हवं होतं असं बायकोला वाटलं. मी संतापलो होतो. अडतीस वर्षं मी स्वतःला जे समजत होतो, त्याला दवाखान्यात एक नाव होतं आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तोच शेरा, ‘हुशार आहे, लक्ष नाही’. जणू मी ते लक्ष घरी डब्यात ठेवून शाळेत जात होतो. देवळीच्या फाट्यावर गाडी थांबवली, उसाचा रस पाजला तिला, आणि मी मात्र ग्लास हातात धरून शिव्या दिल्या, कोणाला ते मलाही माहीत नाही. तिने माझा ग्लास काढून घेतला आणि पिऊन टाकला.

गोळी सहज मिळत नाही. या गोळ्यांचा गैरवापर होतो म्हणून कायदा कडक आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लिहून घ्यावी लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि बहुतेक दुकानं ती ठेवतच नाहीत. पुलगावात दोन दुकानदारांनी चिठ्ठी वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही चोरायला आलो आहे. शेवटी वर्ध्यात एक दुकान सापडलं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा वर करून विचारलं, “मुलगा कितवीत आहे?”

“मुलगा नाही. माझ्यासाठी आहे.”

त्याने पुन्हा चिठ्ठी वाचली. “असं होय,” म्हणाला आणि आतून डबी आणली. महिन्यातून एकदा हे ठरलेलं. सुट्टीच्या दिवशी वर्ध्याला जायचं, डॉक्टरबाईंना दाखवायचं, डबी घेऊन यायचं.

गोळी घेतल्यावर काय झालं हे लोक फार विचारतात. त्यांना वाटतं डोक्यात दिवा पेटला असेल. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी मी ऑफिसात बसून सुरक्षेच्या नियमांचं पुस्तक उघडलं. ते मिळाल्याची सही मी अकरा वर्षांपूर्वी केली होती आणि चौथ्या पानापुढे कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं पान उलटल्यावर खिडकीबाहेर पाहिलं तर ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. दुसरे लोक असं वाचत असतील, असं मनात आलं, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मात्र फजिती झाली. साहेबांनी तक्रारींची यादी मागितली होती. मी कपाटात यादीचा कागद शोधायला गेलो, तिथे नटबोल्टचा एक डबा दिसला, आणि तीन तास मी मापाप्रमाणे नटबोल्ट लावत बसलो. इतकं मन लावून मी आयुष्यात काही केलं नव्हतं. यादी तशीच. साहेबांनी ते लावलेले नटबोल्ट पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि गेले. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “गोळी लक्ष देते. ते कुठे द्यायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल. सवयी तुम्ही लावायच्या, गोळी त्या लावून देणार नाही.”

आणि भूक मेली. दुपारचा डबा भरलेला परत यायचा. आई रोज झाकण उघडून बघायची आणि सुनेकडे पाहायची, जणू भाजीतच काही खोट आहे. शेवटी मी सकाळी सातला, गोळीच्या आधी, दुपारचं जेवण जेवायला लागलो. वांग्याची भाजी, दोन पोळ्या, वरण-भात. शेजाऱ्यांना वाटे मी शेतावर कामाला जातो. तोंडाला कोरड पडायची, बाटली सतत जवळ लागायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास गोळी उतरली की जीव चिडचिडा व्हायचा, चहात साखर कमी म्हणून मी एकदा कप आपटला. बायको म्हणाली, “सहा ते सात तुमी कोनाशी बोलू नका. विहिरीपाशी जाऊन बसजा.” मी बसायला लागलो. मात्रा बदलली, वेळ बदलली, दोन महिन्यांनी तेही निवळलं.

ऑफिसात सगळ्यांना कळलंच. लपवायचा मी प्रयत्न केला नाही, विसरून कोणाला तरी सांगून बसलो असतोच. एक ऑपरेटर दिसला की विचारायचा, “चार्ज झाला का बे?” मी म्हणायचो, “हाव, तुले लागते का चार्जर?” डिवचलं की मला उलट जोरच येतो, लहानपणापासून तेवढं एक बरं आहे.

मी घरी बसून तयारी केली. बायको मुलांच्या वहीच्या पाठीमागे पॅनलचं चित्र काढायची आणि मी तिला प्रत्येक पायरी बोलून दाखवायचो. कोणती मूठ, मग यार्ड, मग कुलूप, मग किल्ली. ती गावातून फोन आल्यासारखी मध्येच ओरडायची, “लाइट कधी येईन वो,” आणि मी पायरी चुकलो की पहिल्यापासून. दिवाळी गेली, कपाशीची वेचणी सरत आली. मी साहेबांना अर्ज दिला, सोबत डॉक्टरबाईंचं पत्र. साहेबांनी तोंडी परीक्षा घेतली, मग एक महिना दुसऱ्या ऑपरेटरसोबत बसवलं, मग पाळी परत दिली. माझ्या हाताने फिरलेली पहिली मूठ मला अजून तळहातावर आठवते.

मी माझे काही नियम केले. परमिट दिलेला असेल तेव्हा खुर्चीवर बसायचं नाही. फोन टेबलाच्या खणात. खोलीतला ब्रेकर आणि यार्डातलं कुलूप, दोन्ही, काम पाच मिनिटांचं असलं तरी. आणि परमिट देताना, तसंच लाइन चालू करायच्या आधी, मोठ्याने विचारायचं, “दुपट्टा कोणाचा? माणूस कुठे?” रिकाम्या खोलीतही विचारायचं. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. माझा स्वतःचा टॉवेल मी गळ्यात न घालता खुर्चीला बांधून ठेवायला लागलो.

दुसरे लाइनमन येऊ लागले, दुपट्टे टाकू लागले. भाऊ आला नाही. त्याची कामं तो दुसऱ्या पाळीत लावून घ्यायचा. अगदीच अडलं तर साहेबांना फोन करायचा आणि साहेब दुसऱ्या ऑपरेटरला पाठवून परमिट त्याच्या हाताने देववत. रस्त्यात भेटला की बोलायचा, आईची तब्येत विचारायचा, मुलांची शाळा विचारायचा. मी चहा केला तर घ्यायचा, पण कप घेऊन बाहेर लिंबाखाली उभा राहायचा. माझ्या पाळीत खोलीच्या उंबरठ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही. मी एकदा म्हणालो, “भाऊ, आता मी तसा नाई राह्यलो.” तो म्हणाला, “आयकलं मी.” आणि कप विसळून ठेवला.

मला राग यायचा. गोळी खातो, भूक मारतो, महिन्याला वर्ध्याची वारी करतो, रिकाम्या खोलीत वेड्यासारखा ओरडतो, आणखी काय करू? मग रात्रीच्या जेवणाला बसल्यावर राग उतरायचा. खांबावर तो चढणार होता, मी नाही.

मार्चमध्ये डबी संपत आली तसा वर्ध्याला गेलो. दुकानदार म्हणाला, माल आला नाही, सोमवारी येईल. दुसरीकडे फिरलो, नागपूरलाही फोन लावून पाहिला. नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन-चार दिवस खंड पडला तर जिवाला धोका नाही, पण पूर्वीसारखं होईल, जपा. शुक्रवारी सकाळी माझी पाळी होती. डबी रिकामी.

“ताप आला म्हना,” बायको म्हणाली. “सुट्टी काढा. कोनाले काय समजते?”

तिचं म्हणणं सोपं होतं आणि मी जवळजवळ फोन उचललाही. मग वाटलं, पुढच्या वेळीही डबी संपेल. त्या दिवशी कदाचित सुट्टी उरलेली नसेल, किंवा मला वाटेल की एक दिवस काय होतं. पाच मिनिटांचं काम. मी तोंड धुतलं आणि निघालो.

पाळी बदलायची वेळ होती. साहेब आले होते, दोन ऑपरेटर होते, आणि रात्रीच्या पाळीकडे परमिट मिटवून निघालेला भाऊ दारात उभा होता. मला वाटलं होतं साहेबांना बाजूला घेऊन सांगावं. पण बाजूला घेतलं असतं तर मी गोल गोल बोललो असतो. म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं.

“साहेब, आज माझ्याकडे गोळी नाही. सोमवारपर्यंत नाही. मी पॅनलवर बसणार नाही. दुसरं कुठलंही काम द्या.”

तो चार्जवाला ऑपरेटर हसला. “म्हंजे गोळी नाई तं मानूस नाई का?”

“मानूस हाये,” मी म्हणालो, “म्हनून सांगून राह्यलो.”

कोणी हसलं नाही. साहेब वैतागले, आणि त्यांनी वैतागायलाच हवं होतं, कारण रात्रभर जागलेल्या माणसाला त्यांना आणखी थांबवून ठेवावं लागलं आणि सुट्टीवरच्या माणसाला बोलवावं लागलं. मला म्हणाले, कुंपणाच्या बाहेरचं गवत वाढलंय, ते काढा. दुपट्टा सारखा करून भाऊ निघून गेला.

तीन दिवस मी गवत काढलं. तिथेही एका टोकापासून सुरू केलं आणि दुपारी पाहिलं तर चार वेगवेगळ्या ठिकाणी अर्धं अर्धं काढलेलं. हाताला फोड आले. पण खोलीतून मुठीचा खट् आवाज यायचा तेव्हा मला बरं वाटायचं की तो हात माझा नाही. सोमवारी डबी मिळाली. मंगळवारी मी पॅनलवर होतो. त्यानंतर मी दहा दिवस आधीच दुकानदाराला फोन करायला लागलो, आणि कॅलेंडरवर ती खूण बायको करते, मी नाही.

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात दुपारी वावधन सुटलं, वादळच ते. धुळीने सगळं पिवळं झालं, पत्रे उडाले, आणि गावाच्या लाइनवर बाभळीची फांदी पडली. माझी पाळी होती. मी साहेबांच्या फोनची वाट पाहत होतो, की भाऊसाठी कोणाला पाठवतात. दारात मोटरसायकल थांबली.

भाऊ उंबरठ्यावर आला. थांबला. मग आत आला.

“गावाच्या लाइनीचा परमिट दे,” तो म्हणाला.

मी परमिटची वही काढली. ब्रेकर बंद केला. बाहेर यार्डात गेलो, लाइन तोडली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली आणून त्याच्या हातात ठेवली. माझा आवाज जरा चढाच होता, “दुपट्टा कोणाचा? माणूस कुठे?” तो हे पहिल्यांदा ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरचा निळ्या चौकडीचा दुपट्टा काढला, एक घडी घातली आणि मुठीवर टाकला.

“माहा,” तो म्हणाला. “मी बाभळीपाशी.”

तो दोन तास दहा मिनिटं बाहेर होता. मी बसलो नाही. खणात फोन घूं घूं करत होता. खोलीतला कूलर गावाच्याच लाइनवर, तो वाऱ्याबरोबरच बंद पडला होता आणि घाम हनुवटीवरून वहीवर पडत होता, सहीची शाई पसरली. माझा टॉवेल खुर्चीला बांधलेला, चार पावलांवर. तो घ्यायला जायची माझी छाती झाली नाही. मी पॅनलसमोर उभा राहून ती घडी पाहत होतो. कडेचे विटलेले धागे मोजले.

तो परत आला तेव्हा केसात धूळ, हातावर काट्यांचे ओरखडे. त्याने यार्डाची किल्ली टेबलावर ठेवली, मुठीवरचा दुपट्टा उचलला आणि माझं तोंड पाहिलं. मला आरशात दिसत नव्हतं, पण धूळ आणि घाम मिळून चिखल झाला असणार.

“तोंड नाई पुसलं का?” तो म्हणाला.

“नाई, भाऊ.”

त्याने दुपट्टा माझ्यापुढे धरला. “घे. पूस आता.”

मी हात पुढे केला नाही. परमिटची वही त्याच्याकडे सरकवली. “आधी सही करा, भाऊ.”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग वही ओढली, माणसं उतरली, रॉड काढला, असं लिहिलं, वेळ टाकली आणि सही केली. मी कुलूप उघडून यार्डातली लाइन जोडून आलो, मोठ्याने विचारलं, मूठ फिरवली. दिवे लागले, कूलर घरघरला.

मग मी त्याच्या हातातून दुपट्टा घेतला आणि तोंड पुसलं.